नाल्याकडचा साप आणि चहाची पुडी

जुन्या किराणा दुकानांविषयी हल्ली जे बोलले जाते, त्यातले बरेचसे मला मान्य नाही. वर्धेत आम्ही काही निवृत्त माणसे सकाळी फिरायला जातो. फिरणे थोडे आणि बाकावर बसणे अधिक, हे ओघाने आलेच. त्या बाकावर कोणीतरी नव्या दुकानांतल्या बंद पाकिटांचा विषय काढतो आणि जुन्या काळाची आरती सुरू होते. डाळ कशी स्वच्छ होती, तेल कसे शुद्ध होते, वाणी कसा देवमाणूस होता. मी सगळे ऐकून घेतो आणि मग बोलतो. डाळीत खडे होते. गुळात मुंगळे होते. आणि आमच्या गावचा वाणी देवमाणूस असता, तर त्याने तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवली नसती.

“तुमाले चांगलं काईच आठवत नाई का हो?” परवा एकाने वैतागून विचारले.

“आठवते ना. म्हणूनच तं खोटं आयकवत नाई,” मी म्हणालो.

सगळे हसले. मला मात्र त्या दिवशी हसू आले नाही, कारण तेव्हा माझ्या डोक्यात याच विषयावरचे दुसरे एक भांडण चालू होते आणि ते माझ्या आईच्या नावाचे होते.

माझ्या धाकट्या भावाने सावंगीला घर बांधले. त्याचा मुलगा तिथे नोकरीला आहे, म्हणून सगळे कुटुंब गाव सोडून तिकडे आले. घरभरणीच्या दिवशी समोरच्या खोलीत आईचा फोटो हार घालून लावला होता. भावाची नात, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली, पाहुण्यांना घर दाखवत हिंडत होती. हे देवघर, हा फ्रिज, ही आजोबाची खोली. फोटोपाशी आल्यावर तिने त्याच सुरात सांगितले, “आन् ही आमची चोर पणजी.”

पाहुणे हसले. भाऊही हसला.

“कोनं शिकोलं हे पोरीले?” मी विचारले.

“शिकवाचं काय त्यात, दादा? माय सोताच सांगे. मी कापूस चोरून दुकानात नेत होती म्हने आन् चहा आनत होती. तू तं होता की तवा!”

“मी होतो. तू नोता.”

“पन मायनं सांगतलेलं खोटं हाय का मंग?”

“मायनं गमतीनं सांगतलं. तुले गंमत आन् साक्ष यातला फरक कळत नाई.”

भावाच्या बायकोने मध्ये येऊन माझ्या हातात ताट दिले. “दादा, अगोदर जेवा, मंग भांडा.” त्या दिवशी मी न जेवता निघून गेलो, असे आमच्या नातेवाइकांत सांगितले जाते. तेही खोटे आहे. मी पोटभर जेवलो. फक्त कोणाशी बोललो नाही.

आता माझी बाजू सांगतो. तिच्यासाठी ते दुकान सांगणे भाग आहे.

पुलगावच्या गिरणीचा भोंगा वारा इकडचा असला की ऐकू यावा, एवढ्या अंतरावर आमचे गाव. गावात दुकान एकच. त्याला पाटी नव्हती. बाहेरच्या ओट्याखाली खड्या मिठाचे पोते रात्रंदिवस उघडे असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाई ते चाटत. त्याच मिठाची आठवण काढून माझे बाकावरचे मित्र आज डोळे पुसतात. आत तेलाचे पिंप, गुळाच्या भेल्या, हळकुंडे, सुपाऱ्या, तंबाखूची पाने आणि छताला टांगलेला दोऱ्याचा गुंडा. वाणी कागदाचा तुकडा घेई, त्याचा शंकू करी, माल ओती, वरचे तोंड दुमडी आणि वर न पाहता हात उंच करून दोरा ओढी. दोन वेढे, एक हिसका, झाली पुडी. ही पुडी मी आयुष्यभर करून पाहिली. मला ती आली नाही, हे मान्य करायला मला अडचण वाटत नाही. ज्याचे ते त्याला.

घरासाठी लागणारा किराणा आमचे आजोबा, घरात सगळ्यांचे आबा, स्वतः आणीत. पैसा त्यांच्या कमरेला आणि निर्णय त्यांच्या तोंडात. मीठ, मिरची, हळद, गूळ, तेल आणि त्यांची तंबाखू. चहा हा शब्द त्यांच्यासमोर काढण्याची सोय नव्हती. चहाने रक्त जळते, माणूस आळशी होतो आणि घर बसते, अशी त्यांची पक्की समजूत होती. आमचे वडील तेव्हा चांगले बाप्ये, लेकराचे बाप; पण आजोबांपुढे मान वर करून बोलल्याचे मला आठवत नाही.

दिवाळी झाली, कापूस घरात येऊ लागला, की त्या दुकानाचा वास बदलत असे. सरकीचा, उन्हाचा, किंचित तेलकट असा तो वास अजूनही कुठे कापूस भरलेला ट्रक शेजारून गेला की येतो आणि मी उभा राहतो. हंगामात दुपारी, पुरुष शेतात किंवा झोपेत असताना, बाया पदराखाली कापूस घेऊन दुकानात येत. वाणी एका पारड्यात कापूस टाकी आणि त्याच्या बदल्यात साखर, खोबरे, शिकेकाई, लेकरासाठी बिस्किटे, जे मागतील ते पुडीत बांधून देई. पैशाचे नाव निघत नसे. मागच्या खोलीत कापसाचा ढीग वाढत जाई. त्याचे तंतू सगळ्या दुकानभर उडत. हिवाळ्यातल्या आमच्या गुळाच्या खड्याला नेहमी थोडा कापूस चिकटलेला असे आणि तो आम्ही गुळासकट खात असू. शुद्धतेविषयी बोलणाऱ्यांनी याचीही नोंद घ्यावी.

आता हा कापूस कोणाचा? आमच्या गावची रीत अशी होती, की शेवटची वेचणी उरकून शेत मोकळे झाले, की पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, मागे राहिलेली, अर्धी उमललेली बोंडे बायांची. वेचणारणी असोत की घरच्या लेकीसुना, ज्या वेचतील त्यांची. त्यावर पुरुषांनी हक्क सांगायचा नाही. माझी आई ती वेचत असे, आणि मी तिच्याबरोबर जात असे. म्हणून ‘चोरी’ हा शब्द मला सहन होत नाही. जे रीतीने तिचे होते, ते तिने नेले.

शिवाय माझ्याजवळ एक भक्कम पुरावा होता. आमच्या शेताच्या नाल्याकडच्या बाजूला साप आहे, हे सगळ्या वेचणारणींना ठाऊक होते. त्या ओळींत कोणी पाय घालत नसे. माझी आई एकटी तिकडे जात असे. मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे करी, हातात काठी देई आणि सांगे, “आवाज करत राह्यजो.” मी बाभळीच्या खोडावर काठी आपटत राही, आणि ती वाकून, भराभर, दोन्ही हातांनी वेचत राही. जी बाई सापाच्या तोंडचा कापूस वेचून आणते तिला चोर म्हणणे मी ऐकून घ्यावे काय? हा प्रश्न मी भावाला फोनवर विचारला. घरभरणीनंतर आमचे बोलणे फोनवरच होत होते, आणि तेही याच विषयावर.

भाऊ वकील झाला नाही, हे वर्धा जिल्ह्याचे नुकसान आहे. तो म्हणाला, “दादा, तूच सांगतो ना, का बाकीच्या बाया पिवळा, काडीकचऱ्याचा कापूस आनत आन् मायचा कापूस दुकानात सगळ्यात पांढरा राहे? मंग उरलासुरला कापूस इतका पांढरा कसा?”

“माय साफ करून आने.”

“वावरातून सीदी दुकानात नेताना? रस्त्यानं?”

मी फोन ठेवला. उत्तर नव्हते म्हणून नाही, राग आला म्हणून.

तो पांढरा कापूस मात्र माझ्या डोक्यातून जाईना. वाणी तो हातात घेई तेव्हा बोटांनी ओढून तंतू पाही आणि क्षणभर आईकडे पाही. मग काही न बोलता तोलून चहाची पुडी बांधी. चहा म्हणजे पत्ती नव्हे. काळा, बारीक चुरा. आई ती पुडी चुलीमागच्या कोनाड्यात, सांडशीच्या आड ठेवी. आजोबा शेताकडे गेले की गुळाचा काळा चहा होई. पहिला पेला वडिलांना. ते मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, रस्ता दिसेल असे तिरके बसून, तो घाईघाईने पीत. कुठून आला, कशाचा आला, एका शब्दाने विचारीत नसत. याच कारणासाठी मी वडिलांना पुढे बराच काळ मनातून माफ केले नव्हते. बायकोने सापाजवळ जायचे आणि नवऱ्याने उंबऱ्यावर बसून आयता चहा प्यायचा! हे मी भावाला, मुलांना, बाकावरच्या मित्रांनाही सांगितलेले आहे.

शेवटी भावानेच तोडगा काढला. “चाल, आत्याले इचारू. ती काय सांगन ते खरं.”

आमची आत्या, वडिलांची धाकटी बहीण, तळेगावला असते. नव्वदीला टेकली आहे, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. त्या काळात तिचे लग्न व्हायचे होते आणि वेचणारणींबरोबर ती रोज शेतात असे. मी लगेच कबूल झालो. साक्षीदार माझ्याच बाजूचा होता, अशी माझी खात्री होती.

रविवारी भावाने गाडी काढली. नातही आमच्याबरोबर आली. दारात आम्हाला पाहून आत्या खाटेवरून अर्धी उठली.

“कोन व्हय? अगं बाई! दोघं बी संगच? कोन मेलं रे?”

“कोनी मेलं नाई, आत्या,” भाऊ म्हणाला. “भांडन हाय.”

“असं सांग ना मंग. बसा. मी म्हटलं, गेलं कोनी.” तिने आत आवाज देऊन चहा मांडायला सांगितला आणि नातीला खाटेवर ओढून घेतले.

भावाने आपली बाजू मांडली. मी माझी मांडली, रीतीपासून सापापर्यंत, क्रमाने, काही न वगळता. आत्या दोन्ही वेळा सारखीच मान हलवत होती. मग तिने विचारले, “झालं दोघाचं?”

“झालं.”

“दोघं बी गाढवं हा.”

नात मोठ्याने हसली. आत्या माझ्याकडे वळली.

“साप नोता तिथं.”

“मले चांगलं आठवते, आत्या. सगळ्या बाया भेत होत्या.”

“भेतीनच ना. म्याच सांगतलं होतं त्याइले. आन् मले सांगतलं तुया बापानं, माया दादानं.” ती थांबली, आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि पुढे बोलली. “येचनी नाल्यापाशी आली का दादा मले बाजूले घे अन् म्हने, पोरी, बायाइले इकडं आनू नोको, साप दिसला. पयल्या साली मी बी भेली. दुसऱ्या साली बी तिथंच साप. तिसऱ्या साली मी म्हटलं, काऊन रे दादा, हा साप तुनं ठेक्यानं आनला का? तं नुसता हासला. म्हने, आबाले सांगशीन तं पाह्यजो!”

मी भावाकडे पाहिले. 

“नाल्याकडच्या ओळी भरल्या बोंडाच्या तशाच ठेवे तो,” आत्या म्हणाली. “गाळाची जमीन ते. सगळ्यात चांगला कापूस तिथंच. आबाच्या हातून तं सुनेसाठी चहाची पुडी निघाची नाई, आन् दादाले बापाच्या तोंडावर बोलाची हिंमत नाई. मंग काय करन बिचारा? साप सोडला त्यानं.”

“मायले माहीत होतं?” मी विचारले.

“तिले सांगा लागते का? साप असता तं तुले नेलं असतं का रे तिनं? लेकराले?”

हा मुद्दा इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आला नव्हता. धुऱ्यावर काठी आपटणारा तो मुलगा सापाला पळवीत नव्हता. आवाज चालू आहे तोवर रस्त्यावर कोणी येत नाही, कोणी आले की पोर बघत राहणार आणि काठी थांबणार, एवढाच त्याचा उपयोग होता. मला पहाऱ्यावर ठेवले होते, आणि ते मला कळू नये एवढ्या सफाईने ठेवले होते.

भावाने मात्र आपला धागा सोडला नव्हता. “पन आत्या, मंग माय सोताले चोर काऊन म्हने? आबा गेल्यावर बी, म्हातारपनी बी?”

आत्याने त्याच्याकडे असे पाहिले, की तो पुन्हा तिच्या अंगाखांद्यावरचे लेकरू झाला.

“तं काय सांगन होती? नवऱ्यानं बापाले फशिवलं म्हनून? सुनेनं चिमूटभर चोरलं तं लोक हासतेत, बापू. लेकानं बापाले फशिवलं तं थुकतेत. तिनं हासू आपल्या अंगावर घेतलं, त्याचं नाव झाकलं. आन् तुमी शिकलेसवरले पोट्टे तेच धरून बसले.”

तेवढ्यात चहा आला. दुधाचा, भरपूर साखरेचा, आले घातलेला. आत्याने बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाली, “प्या. आता कोनाले भ्या लागत नाई.”

परतीच्या वाटेवर भाऊ गाडी चालवत होता. नात मागे झोपली होती. बाहेर कापूस फुटलेली शेते होती आणि प्रत्येक शेताच्या कडेला मी उगाच पाहत होतो. मी चुकलो, असे मी म्हणणार नाही. माझ्या आईने चोरी केली नाही, हे माझे म्हणणे शेवटपर्यंत खरे ठरले. त्यातला साप तेवढा काढून घेतला गेला. परंतु त्या सापाच्या जागी मला वडील मिळाले, हे लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे. उंबऱ्यावर तिरका बसून आयता चहा पिणारा जो माणूस मी इतरांना सांगत आलो, तो तसा नव्हता. त्याला विचारायचे कारणच नव्हते. चहा कशाचा आहे हे त्या घरात सर्वांत अगोदर त्यालाच ठाऊक असे, पऱ्हाटीला बोंड धरायच्याही आधी. पहिला पेला त्याला का मिळे, हेही आता मला कळते. त्या दोघांनी याविषयी आपसांत एक शब्द तरी काढला असेल का, ते आत्यालाही माहीत नाही. मला वाटते, नसेल. एकाने ओळी सोडाव्या, दुसरीने वेचाव्या, मग दोघांनी काळा चहा प्यावा. त्यात बोलायचे काय होते?

आणि त्या वाण्याविषयीही मला बोलले पाहिजे. जन्मभर कापूस हाताळणाऱ्या त्या माणसाला, गाळाच्या जमिनीतला पहिल्या प्रतीचा कापूस आणि पऱ्हाटीवर उरलेला पिवळा कापूस यांतला फरक पहिल्याच बोटाला समजला असणार. तो क्षणभर आईकडे पाही, ते याचसाठी. आजोबा रोज संध्याकाळी त्याच ओट्यावर तंबाखू चोळीत बसत. एका वाक्यात तो आमचे घर पेटवू शकला असता. त्याने ते वाक्य उच्चारले नाही, कधीही नाही. म्हणून बाकावरच्या मित्रांना मी आता एवढेच सांगतो, की त्याच्या पारड्याखाली चिंच होती आणि ओठांवर कुलूप होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरीसाठी मी त्याला पहिली आनंदाने सोडून देतो. आज मी ज्या दुकानात जातो तिथे डाळीत खडा सापडत नाही, आणि मी कोण, माझ्या घरात काय चालले आहे, हे कोणाला माहीत नाही. खडे नाहीत याबद्दल मी त्या दुकानाचा आभारी आहे. जुन्या दुकानाचे आभार निराळे. ते मानायला तिथे आता कोणी बसलेले नाही, म्हणून इथे मानतो.

सावंगीला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. शेजारच्या बाई नवे घर पाहायला आल्या होत्या. नात झोपेतून उठली तशी तिला पुन्हा उत्साह आला आणि ती त्यांना घर दाखवू लागली. देवघर झाले, फ्रिज झाला. ती फोटोपाशी आली तेव्हा भाऊ खुर्चीत ताठ बसला. मीही तिच्याकडे पाहत होतो.

“ही आमची पणजी,” नात म्हणाली. मग ती थांबली. बहुधा जुना शब्द तोंडाशी आला होता. तिने भावाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सांगितले, “सापवाली पणजी. एक मोठा साप होता, तो पणजोबानं पाळला होता. तो साप पणजीसाठी कापूस राखून ठेवे. मंग ती तो कापूस दुकानात देऊन चहा आने.”

“अगं बाई! खरंच?” शेजारीण म्हणाली.

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. भावाची बायको चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थांबली. माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. साप नव्हता, पाळलेला तर नव्हताच, राखण करणारा मी होतो आणि हातात काठी होती, हे सर्व मला सांगता आले असते.

“खरं हाय,” मी म्हणालो, आणि चहाचा पहिला कप भावाकडे सरकवला.